कुंपणाच्या आत, मातीच्या खाली

दख्खनच्या माळावर उन्हाळ्यात एखादं राखीव कुरण आणि त्याला लागून असलेलं गायरान पाहिलं, की वाद संपल्यासारखा वाटतो. तारेच्या आत गुडघाभर वाळलेलं गवत, बाहेर उघडा मुरूम. जनावरं माळाचं वाटोळं करतात, हे मग वेगळं सिद्ध करायला हवं का? पण आपली नजर जमिनीपाशी थांबते. तिच्याखाली काय चालतं ते मोजणाऱ्यांच्या हाती जे लागलं, ते इतकं सरळ नाही. त्यातलं फार मोलाचं काम आपल्याच देशात, हिमाचलमधल्या स्पितीत झालं आहे. कुरणांबद्दलचे निर्णय घेताना आपण ते विचारात घ्यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. म्हणून दोन बाजू समोरासमोर बसवल्या आहेत. मामा वनखात्यातून निवृत्त झालेले, नोकरीभर कुरणं राखलेले. भाची मातीतल्या सूक्ष्मजीवांचा विषय शिकवणारी. माणसं कल्पनेतली आहेत, त्यांच्या बोलण्यात आलेले प्रयोग खरे आहेत.

मामा : मी जे डोळ्यांनी पाहिलं ते आधी सांगतो. काही पावसाळे जनावर आत येऊ दिलं नाही, की माळ उठतो. नुसत्या कुसळीच्या जागी मारवेल दिसायला लागतो, पवन्या परततो. सोलापूरकडे नान्नजला माळाचे तुकडे राखले, त्यांनी माळढोकाला आसरा दिला, १९७९ साली अभयारण्य झालं. ही सगळी चराईबंदीची कमाई. आता तू म्हणतेस की मेंढरं आत सोडा.

भाची : सोडाच, असं मी म्हटलेलं नाही, मामा. गवत उठतं हे मला मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उठलेलं गवत जातं कुठे?

मामा : कुठे जाणार? थोडं कापून नेतात, बाकीचं वाळतं, पडतं, कुजतं. मातीचं मातीला मिळतं.

भाची : कुजतं केव्हा? आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस नाही. मातीत ओल नसली की बुरशी आणि जिवाणू जवळजवळ गप्प होतात. गवत जूनपर्यंत उभ्या उभ्या पांढरं पडतं. आणि मार्चमध्ये काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मामा : वणवा. जाळरेषा काढण्यात आमचा अर्धा हिवाळा जायचा.

भाची : म्हणजे त्यातलं बरंचसं मातीला मिळण्याआधी हवेत जातं. आता मेंढीचं पोट बघा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात बारमाही ओल असते, ऊब असते, आणि गवतातलं सेल्युलोज फोडणारे सूक्ष्मजीव असतात. मेंढी स्वतः गवत पचवत नाही, ते काम हे जीव करतात. भर उन्हाळ्यात माळावर कुजण्याचं काम थांबलेलं असतं, तेव्हा ते मेंढीच्या पोटात चालू असतं. लेंडी पडते ती अर्धवट काम झालेली. मुतातला युरिया तर मातीतले जिवाणू ओल मिळताच फोडतात, त्याचा अमोनिया होतो, पुढे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. गवताच्या मुळांना जे हवं ते हेच.

मामा : हे मी ऐकलंय. झिंबाब्वेचे ते अ‍ॅलन सेव्हरी. २०१३ साली त्यांचं भाषण जगभर गाजलं होतं. कळप दाट करून फिरवा, वाळवंटं हिरवी होतील, हवामानबदलसुद्धा उलटवता येईल. चराऊ रानांचा जन्मभर अभ्यास केलेल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं, की या दाव्यांना पुरावा नाही.

भाची : मीही तो दावा मानत नाही. मातीत कर्ब साठायला मर्यादा असते. जगभरच्या धुराड्यांचा धूर कुरणं गिळतील, ही आशा खोटी आहे. पण एकानं दावा फुगवला म्हणून मूळ प्रक्रिया खोटी ठरत नाही. गवताचं पान जनावरानं तोडलं की मुळाशी काय होतं, हे नीट मोजलेलं आहे. हॅमिल्टन आणि फ्रँक या दोघांनी २००१ साली केलेला प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगते. यलोस्टोनच्या कुरणातलं एक गवत कुंड्यांत वाढवलं, त्याला ओळखता येईल असा खुणेचा कर्ब हवेतून दिला, आणि मग काही रोपांची पानं चरल्यासारखी कापली. कापलेल्या रोपांनी मुळांतून जास्त कर्ब मातीत पाझरू दिला. मुळांना लगटून राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो लगेच उचलला, ते वाढले. ते वाढले तसा मातीतला नत्र मोकळा झाला. तो गवतानं घेतला आणि नव्या पानांत प्रकाशसंश्लेषण वाढलं.

मामा : म्हणजे कापलं गेल्यावर गवत मातीतल्या जिवांना खाऊ घालतं?

भाची : हो, आणि त्यांच्याकडून नत्र मिळवतं. पण त्यासाठी गवत हिरवं, जिवंत हवं, आणि पुन्हा वाढायला त्याला उसंत हवी.

मामा : कुंडीतलं कुंडीत. उघड्यावर काय?

भाची : त्याच यलोस्टोनमध्ये १९५८ ते १९६२ च्या दरम्यान काही तुकड्यांना कुंपणं घातली होती. एल्क हरणं आणि बायसन बाहेर. १९९८ मध्ये फ्रँक आणि ग्रॉफमन यांनी आतली आणि बाहेरची माती तुलनेत मांडली. जिथे जनावरं चरत होती, तिथे सूक्ष्मजीवांकडून नत्र मोकळा होण्याचा वेग सरासरी दुप्पट होता.

मामा : आणि तुम्ही हे मोजता कसं? दिसत तर काही नाही.

भाची : एक जुनी पद्धत ऐका. एकाच जागच्या मातीचे दोन भाग करायचे. एक तसाच ठेवायचा, दुसरा बंद भांड्यात क्लोरोफॉर्मच्या वाफेत दिवसभर ठेवायचा. वाफेनं सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्या पेशी फुटतात. मग दोन्हींतला विरघळणारा कर्ब पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात उतरवून मोजायचा. दोन्हींतला फरक म्हणजे मातीतल्या जिवंत सूक्ष्मजीवांचा अंदाज. मातीचा श्वासही मोजता येतो, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते. आता तर मातीतला डीएनए वाचून कोणकोणते जीव आहेत तेही कळतं. कुरणाचं आरोग्य गवताच्या उंचीवरून ठरवायचे दिवस गेले.

मामा : अमेरिकेच्या एल्कवरून माझ्या इंदापूरच्या माळाचा निकाल लावू नकोस.

भाची : म्हणून तर स्पितीला चला. किब्बर गावाचा परिसर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच. तिथे भरल आणि आयबेक्स चरतात, गावाचे याक, गायी, घोडे, शेळ्या-मेंढ्याही चरतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुमंत बागची यांनी २००५ मध्ये तिथे कुंपणं घातली. कुंपणातला तुकडा आणि त्याला लागूनचा मोकळा तुकडा, अशा जोड्या. मग वर्षानुवर्षं दोन्हीकडची माती तपासली. सोळा वर्षांचा हिशेब २०२२ मध्ये दिलीप नायडू, शमिक रॉय आणि बागची यांनी प्रसिद्ध केला. जनावरांना मज्जाव असलेल्या तुकड्यांत मातीतला कर्ब एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जितका वरखाली होत होता, तो चढउतार चरलेल्या तुकड्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त होता.

मामा : वरखाली झाला तर काय बिघडलं? सरासरी तर तीच राहील.

भाची : पेन्शनीच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम येणं आणि कधी दुप्पट, कधी काहीच नाही, हे तुम्हाला सारखं वाटेल का? सरासरी तर तीच. मातीत फरक इतकाच, की खाली गेलेला कर्ब हवेत जातो, आणि पुढच्या वर्षी परत येईलच याची हमी नसते. या सगळ्याच्या मुळाशी त्यांना नत्र सापडला. परिस्थितीनुसार नत्र कर्बाला स्थिरही ठेवतो आणि अस्थिरही करतो. जनावरं चरत असली की तोल स्थिर ठेवण्याकडे झुकतो.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. सोळा वर्षं एकाच जागेची माती तपासत राहणं ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट आहे. संशोधनाचा पैसा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांना मिळतो आणि प्रबंध त्याहून थोड्या अधिक काळात संपतो. चढउतार दिसायला मात्र अनेक वर्षं जावी लागतात. पहिल्या तीन वर्षांत कुणी हिशेब मिटवला असता, तर त्याच्या हाती वेगळंच उत्तर लागण्याची शक्यता होती. ज्यांनी हे काम नेटानं चालू ठेवलं, त्यांचे आपण ऋणी आहोत.

मामा : एक विचारू? यलोस्टोनमध्ये जनावरांमुळे सूक्ष्मजीव जोरात आले, असं तू म्हणालीस. स्पितीतही तसंच का?

भाची : नाही. बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा निबंध आहे. त्यात असं मांडलंय की स्पितीतली चरणारी जनावरं मातीतल्या सूक्ष्मजीवांना आवर घालतात आणि त्याचा परिणाम कर्ब साठण्यावर होतो.

मामा : मग ठरव एकदा! तिकडे वाढवतात, इकडे दाबतात. दोन्हींचा फायदाच, असं कसं चालेल?

भाची : तुमचा आक्षेप रास्त आहे. पण सूक्ष्मजीव दोन कामं करतात. कुजवून नत्र मोकळा करतात, त्यात गवताचा फायदा. आणि कुजवताना कर्ब श्वासातून हवेत सोडतात, त्यात मातीचा तोटा. जास्त सूक्ष्मजीव म्हणजे नेहमीच चांगली माती, हे समीकरण चुकीचं आहे. खरं बघायचं असतं ते असं, की त्यांनी खाल्लेल्या कर्बातला अंगी किती लागला आणि श्वासातून किती गेला. जो अंगी लागतो तो त्यांच्या मेलेल्या शरीरांबरोबर मातीच्या कणांना चिकटून राहतो. मातीत दीर्घकाळ टिकणाऱ्या कर्बाचा मोठा हिस्सा असा तयार होतो. थंड प्रदेश, उष्ण प्रदेश, पाऊस, मातीचा प्रकार, यांप्रमाणे हे पारडं बदलतं. म्हणूनच एका जागेचं उत्तर मी दुसरीकडे लावत नाही.

मामा : आणि जनावर कोणतं, यानं काही फरक पडत नाही? भरल वेगळे. त्यांच्यामागे लांडगा असतो, हिमबिबट्या असतो, ते एका जागी राहत नाहीत. गावची जनावरं रोज त्याच वाटेनं जातात, त्याच उतारावर चरतात.

भाची : फरक पडतो, आणि तोही बागची यांच्या गटानंच दाखवलाय. २०२३ मध्ये. जिथे रानटी जनावरं चरतात ती माती आणि जिथे पाळीव चरतात ती माती, दोन्ही तपासल्या. तेच अंगी लागण्याचं प्रमाण पाळीव जनावरांच्या जागी १९ टक्के कमी निघालं. सूक्ष्मजीवांची घडण वेगळी, मातीतला कर्बही कमी.

मामा : (खुर्चीत पुढे सरकून) मग माझंच म्हणणं खरं झालं.

भाची : पुढचं ऐका. त्या मातीत त्यांना जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश सापडले. टेट्रासायक्लिनसारखी औषधं. जनावराला इंजेक्शन दिलं की त्यातलं बरंच औषध शेणामुतातून बाहेर पडतं, मातीत मुरतं, आणि जिवाणू मारण्यासाठी केलेलं औषध मातीतल्या जिवाणूंवरही चालतं. संशोधकांनी याकडे बोट दाखवलंय, पुरावा त्या दिशेनं जातो असं म्हटलंय. म्हणजे दोष खुराचा आणि दाताचा किती, आणि सुईचा किती, हा प्रश्न आता उभा राहतो. आपल्याकडेही तेच. जंताची काही औषधं, आयव्हरमेक्टिनसारखी, शेणात उतरतात आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतात. शेण मातीत गाडणारा किडाच गेला तर ते वर वाळून पडतं.

मामा : हे मला नवीन आहे. आम्ही पास तपासायचो, जनावरं मोजायचो. कोणत्या कळपाला काय औषध दिलंय, हे कधी विचारलं नाही.

भाची : तुमच्या बाजूचं एक मीच सांगते. २०१७ मध्ये जगभरच्या ११५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सरासरीनं पाहिलं तर चराईखाली मातीतले सूक्ष्मजीव वजनानं साधारण पाचव्या हिश्श्यानं घटलेले दिसले. हलक्या चराईनं कर्ब आणि नत्र साठत होते. मध्यम आणि जड चराईनं ते निघून जात होते.

मामा : आणि आपल्याकडची चराई हलकी कुठे आहे? गायरानं अतिक्रमणात गेली, काहींवर सरकारी इमारती आल्या. उरलेल्या माळावर सगळ्या गावाची जनावरं. पावसाळ्यात ओल्या मातीवर खूर पडले की ती घट्ट होते, पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. तुझे जिवाणू तरी तिथे श्वास कसा घेणार? खाली दीड वीत माती आणि त्याखाली मुरूम. ती एकदा धुपली की परत येत नाही.

भाची : खरं आहे. तिथे कुंपण हवंच. काही वर्षं तरी.

मामा : आणि धनगरांच्या मेंढ्या फिरत्या असतात म्हणून त्यांचं तुम्ही सगळे कौतुक करता, त्यातही एक मेख आहे. दिवसा मेंढरं माझ्या माळावर चरतात, आणि रात्री बसतात कुठे? बागायतदाराच्या शेतात. तो मेंढ्या बसवण्याचे पैसे देतो, धान्य देतो, कारण त्याला लेंडीखत हवं असतं. माळावरचा नत्र रोज रात्री उसाकडे चाललाय. माळाला काय मिळतं?

भाची : तुमच्या बाजूनं याहून बळकट मुद्दा दुसरा नाही. माळावर चरलेलं माळावर पडत नाही. मात्र नत्र किती जातो, ते ऋतूवर अवलंबून आहे. आपली बहुवर्षायू गवतं वाळताना नत्र मुळांकडे ओढून घेतात. दिवाळीनंतरच्या गवतात तो कमी असतो, म्हणून तेव्हाच्या चराईत माळाचं नुकसान कमी. बीही पडून गेलेलं असतं.

मामा : पण दिवाळीनंतर धनगरांचे बरेच वाडे कोकणात उतरतात! फलटणकडचे, बारामतीकडचे, पारनेरचे. घाट ओलांडून भातखाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. आमच्या माळावर ते असतात पावसाळ्यात, नेमके गवत वाढायच्या दिवसांत.

भाची : (थोडं थांबून) म्हणजे ज्या दिवसांत पान तोडलं की मुळं पाझरतात आणि सूक्ष्मजीव जागे होतात, त्याच दिवसांत. आणि ज्या दिवसांत जास्त चरलं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं, त्याही दिवसांत. मग सगळं यावर येतं, की कळप एका जागी किती दिवस थांबतो आणि परत केव्हा येतो. पूर्वी कळप पुढे सरकायचा. आता रान तुटलं, कारखाने आले, फळबागा आल्या, सोलरचे पट्टे आले, तुमची कुंपणं आली. राहिलेल्या तुकड्यावर तोच कळप पुन्हा पुन्हा. हलकी चराई जड व्हायला कुंपणंही कारण आहेत, मामा.

मामा : आम्ही रान राखलं ते चुकलं?

भाची : रान राखलं ते नाही. माळाला पडीक समजून त्याचं जंगल करायला निघालो, ते चुकलं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत माळ सर्रास पडीक म्हणून रंगवले गेले. आत सलग समतल चर खोदले, गिरिपुष्प लावलं. ज्या मातीत गवताच्या मुळांचं आणि बुरशीच्या धाग्यांचं जाळं होतं, ती उपसून बांधावर उलटी टाकली. चराईबंदीचा म्हणून जो प्रयोग झाला, त्यात असं बरंच काही मिसळलेलं होतं. आणि आपले माळ म्हणजे जनावरांनी ओरबाडलेलं जंगल, हे गृहीतही टिकत नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा २०२५ चा अभ्यास पाहा. जुनं मराठी वाङ्मय आणि लोककथा यांतल्या झाडाझुडपांच्या नोंदी त्यांनी काढल्या. पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान साडेसातशे वर्षांपासून माळच आहेत, असं त्यातून निघतं. इतका काळ तिथे काळवीट होतं, चिंकारा होता, मेंढरं होती. मातीतले जीव त्यांच्या सोबतीनं घडले आहेत.

मामा : भरतपूरचं मला आठवतं. १९८२ मध्ये केवलादेवला म्हशींना बंदी केली, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून काय निघालं? म्हशी गेल्यामुळे पाणथळीत गवत माजलं आणि पक्ष्यांची अडचण झाली. आमच्या प्रशिक्षणात त्यावर चर्चा व्हायची. पण ते पाण्याचं, आपलं कोरडं, असं म्हणून आम्ही ते सोडून द्यायचो.

भाची : कोरड्यासाठी स्पिती आहे. पण तिथला हिवाळा आणि आपला मे महिना यांत काही साम्य नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. म्हणून माझी मागणी साधी आहे. इंदापूर, सोलापूर, माण, पारनेर, जिथे जिथे आता कुरण राखलं जातंय, तिथे जोड्या करा. एक तुकडा पूर्ण बंद. त्याला लागून एक, जिथे पावसाळ्यात ठरावीक दिवस कळप येईल आणि पुढे जाईल. आणखी एक, जिथे कळप फक्त बी पडल्यावर येईल. एखाद्या तुकड्यात मेंढ्या रात्रीही माळावरच बसवा, आणि बागायतदाराकडून बुडणारा मोबदला धनगराला खात्यानं द्यावा. कळपाला दिलेली औषधं लिहून ठेवा. आणि दर वर्षी माती काढा, निदान पंधरा वर्षं. गवत मोजा, पक्षी मोजा, पण माती काढा.

मामा : कागदावर छान आहे. ठरावीक दिवस म्हणतेस, ते बघणार कोण? एका बीटवर एक वनरक्षक. एका कळपाला परवानगी दिली की शेजारचे चार येतात, आणि त्यांना नाही म्हणताना तोंडावर येतं की त्याला दिलं, मग आम्हाला का नाही. मी हे भोगलंय. सगळ्यांना बंद, हे एकच राखायला सोपं असतं, म्हणून आम्ही ते केलं.

भाची : आणि वाड्याच्या म्होरक्यांनाच राखायला सांगितलं तर? कोणत्या माळावर केव्हा उतरायचं, किती दिवस थांबायचं, हे ते आपसांत आजही ठरवतातच.

मामा : ठरवतात. भांडतातही. पण माझ्या नोकरीत एकदाही आम्ही त्यांना चहाला बोलावून विचारलं नाही, की तुमचा हिशेब काय आहे. बोलावलं ते दंडाची पावती फाडायला. तू जोड्या आखून दे, मी जुन्या सहकाऱ्यांशी बोलतो. फक्त पहिल्या बैठकीला ते लोक हवेत, आणि ती बैठक पावसाआधी व्हायला हवी. एकदा मेंढरं वर आली की कुणाला वेळ नसतो.